माशाच्या पोटातली नदी

पांढरकवड्याजवळून वाहणारी खुनी नदी पुढे पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेत जाते, वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. केळापूर तालुक्यातला मासा या एवढ्या मोठ्या पाणपसाऱ्याचा रहिवासी आहे. सायखेडा धरणाच्या जलाशयात, पैनगंगेच्या डोहांत, गावतळ्यांत आणि अलीकडे शेततळ्यांतही तो राहतो. त्याच्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. भाव काय चालला, चव कुठल्या पाण्याची चांगली, बीज कुठून आणले. पण त्याच्या आतड्यात, यकृतात, कल्ल्यांवर आणि डोळ्यांतसुद्धा जे जीव राहतात, त्यांचा विषय निघत नाही. निघालाच तर किळसेने निघतो. हे पुस्तक त्या जिवांविषयी आहे. गोड्या पाण्यातल्या माशांचे परजीवी कृमी आणि पाण्यातल्या बाकीच्या सजीवांशी त्यांचे असलेले नाते, हा त्याचा विषय.

मासा साफ करताना आतड्यातून पांढरी दोरीसारखी वळवळ दिसली की मासा खराब निघाला, पाणी घाण असणार, असा आपला पहिला समज होतो. तो बदलावा, ही या प्रस्तावनेची खटपट आहे. माशाच्या आतड्यातले बहुतेक कृमी त्याच्या शरीरात अन्नातून शिरतात. माशाने काहीतरी खाल्ले, त्या खाद्यात कृमीची बाल्यावस्था होती, म्हणून कृमी आत पोहोचला. म्हणजे आतड्यात सापडलेला जवळजवळ प्रत्येक कृमी हा एका जेवणाचा पुरावा असतो. त्या पाण्यात कोण राहते, कोण कोणाला खाते, कोणता पक्षी तिथे उतरतो, याची नोंद माशाच्या पोटात आपोआप होत असते. ती वाचता आली तर नदी वाचता येते.

ही गोष्ट समजायला मराठी माणसाला फार लांब जावे लागत नाही. नारूचा रोग आठवणारी माणसे अजून गावोगावी आहेत. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचे, पाण्याबरोबर सायक्लॉप्स नावाचा टिचभरही नसलेला, झटके देत पोहणारा एकडोळ्या जीव पोटात जायचा, त्याच्या अंगात नारूची अळी असायची आणि साधारण वर्षभराने पायातून हातभर लांबीचा जंत बाहेर पडायचा. 1980 नंतरच्या दशकात देशभर मोहीम झाली. पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या, पाणी कापडातून गाळून घ्यायची सवय लावली गेली, विहिरींत टेमेफॉस टाकून सायक्लॉप्स मारले गेले. देशातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात सापडला आणि 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. नारूने आपल्याला जो धडा शिकवला तोच या पुस्तकाचा पाया आहे. असा जंत एका यजमानावर भागवत नाही. त्याला मधला यजमान लागतो, आणि तो मधला दुवा तुटला की जंताची वाट बंद होते.

आपल्या देशात माणसाच्या बाबतीत ही वाट बंद झाली. माशांच्या बाबतीत ती चालू आहे, आणि तिच्यावरही तोच सायक्लॉप्स भेटतो. मरळीचे उदाहरण घेऊ. मरळीचे आतडे मिठाच्या सौम्य द्रावणात उघडले, की त्याच्या अस्तराला एका टोकाने घट्ट चिकटलेले पांढुरके कृमी कधी कधी दिसतात. चिमट्याने ओढले तर सहज सुटत नाहीत. कारण त्यांना मागे-पुढे होणारी सोंड असते, सोंडेवर आकड्यांची वर्तुळे असतात आणि ती आतड्याच्या भिंतीत रुतलेली असते. या कृमीला तोंड नाही आणि आतडेही नाही. माशाने पचवलेले अन्न तो अंगावाटेच शोषतो. त्याचे शास्त्रीय नाव पॅलिसेंटिस नागपुरेन्सिस. कृमिशास्त्रज्ञ जी. डी. भालेराव यांनी 1931 मध्ये त्याचे वर्णन केले, त्या वेळी त्याची प्रजाती फर्जांडिया अशी होती. पाळीव जनावरांच्या कृमींवरचा त्यांचा 1935 चा ग्रंथ पशुवैद्यकात मान्यता पावला. इथे महत्त्वाचे हे की, मरळीच्या या कृमीच्या जागतिक नावात नागपूर कायमचे बसले आहे.

या कृमीचा जीवनक्रम उलगडायला पुढे चाळीस वर्षे गेली. 1973 मध्ये जॉर्ज आणि नाडकल यांनी तो प्रसिद्ध केला. कृमीची अंडी मरळीच्या विष्ठेबरोबर पाण्यात पडतात, सायक्लॉप्स ती खातो, त्याच्या अंगात अळी वाढते. छोटे मासे सायक्लॉप्स खातात. त्यांच्या पोटात अळी मोठी होत नाही, पण मरतही नाही. वेटोळे घालून वाट पाहत राहते. मरळीने तो छोटा मासा गिळला की अळी मुक्कामाला पोहोचते. म्हणजे मरळीच्या आतड्यात हा कृमी सापडला, तर त्या डोहात सायक्लॉप्स आहेत, सायक्लॉप्स खाणारी बारकी मासळी आहे आणि तिला खाणारी मरळ आहे, एवढे तिन्ही निष्कर्ष एका झटक्यात हाती येतात.

दुसरे उदाहरण वागूर माशाचे, ज्याला बाजारात मांगूर म्हणतात. नागपूरच्या सायन्स कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एम. ए. मोघे यांनी 1925 मध्ये केंब्रिजहून निघणाऱ्या ‘पॅरासिटॉलॉजी’ या नियतकालिकात वागुराच्या आतड्यातल्या एका कृमीचे वर्णन छापले. कॅरिओफिलियस इंडिकस हे त्याचे त्यांनी दिलेले नाव. पुढे तो लिटोसेस्टस प्रजातीत गेला आणि 1931 मध्ये मोघ्यांनी त्याचे पुरवणी वर्णनही केले. हा पट्टकृमींच्याच कुळातला, पण पट्ट्यासारखा दिसत नाही. ओळीने जोडलेले खंड त्याला नसतात. एक शरीर, त्यात जननेंद्रियांचा एकच संच आणि लांबी फार तर काही सेंटिमीटर. त्याच्या गटातल्या कृमींची अंडी गाळात राहणारे ट्यूबिफेक्ससारखे बारीक लाल किडे खातात, आणि तो किडा माशाच्या पोटात गेला की कृमी तिथे मोठा होतो. वागूर तळाचा मासा आहे. गाळ उकरून तो जगतो, म्हणून त्याच्या पोटात गाळातून येणारे कृमी असतात. उघड्या पाण्यात फिरणाऱ्या माशात ते सहसा मिळत नाहीत. एकाच तळ्यातल्या दोन माशांचे कृमी वेगळे असतात याचे कारण अनेकदा असे साधे असते. दोघांची ताटे वेगळी.

काही कृमींना मासा हा वाटेतला मुक्काम असतो, घर नव्हे. क्लायनोस्टोमम नावाचा पर्णकृमी, म्हणजे पानासारखा चपटा कृमी, माशाच्या स्नायूंत किंवा कल्ल्यांजवळ पिवळ्या गाठीसारखा बसतो. त्याचा प्रवास गोगलगाईत सुरू होतो, मग माशात येतो आणि संपतो बगळ्याच्या घशात. बगळा नाही तर हा कृमी प्रौढ होत नाही. पाणकावळ्यांच्या पोटातल्या गोलकृमींचीही अशीच तऱ्हा असते, त्यांच्या अळ्या माशांत सापडतात. शिवडा नावाच्या माशाच्या वाताशयात, म्हणजे ज्या फुग्यावर मासा पाण्यात तोल सांभाळतो त्यात, आयसोपॅरॉर्किस हायप्सेलोबाग्री हा सपाट, चांगलाच मोठा पर्णकृमी राहतो. तो सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसतो. त्याची अपक्व पिले इतर माशांच्या शरीरात भटकतात आणि यकृतावर शाई सांडल्यासारखे काळे डाग सोडतात. असा डाग दिसला की विक्रेता तो भाग काढून टाकतो. त्या डागामागे केवढा मोठा प्रवास आहे, हे पुढील प्रकरणांत वाचायला मिळेल.

आता विदर्भाच्या आणि एकूण महाराष्ट्राच्या कृमिशास्त्राविषयी एक स्पष्ट गोष्ट सांगायला हवी. मोघे आणि भालेराव यांच्या पिढीनंतर या विषयाचा मोठा विस्तार झाला. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठात प्रा. जी. बी. शिंदे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी माशांच्या पट्टकृमींवर दीर्घकाळ काम केले, आणि तिथून बाहेर पडलेल्या अभ्यासकांमुळे लहान-लहान गावांच्या महाविद्यालयांत सूक्ष्मदर्शकाखाली मासे उघडले जाऊ लागले. ही मोठी देणगी आहे. पण देशभरच या कामाचा बराचसा भर नवीन जातींना नावे देण्यावर राहिला. 2011 मध्ये अनिर्बाण अॅश, टोमाश शोल्झ, मिकुलाश ओरोश आणि प्रदीपकुमार कर यांनी वागुराच्या खंडविरहित पट्टकृमींचा सगळा पसारा पुन्हा तपासला. पन्नासहून अधिक नावे वेगवेगळ्या जाती म्हणून छापली गेली होती. त्यांतल्या आठच जाती टिकल्या. मोघ्यांची 1925 ची जात त्या आठांत आहे.

असे का झाले, हे विद्यार्थ्याने नीट समजून घ्यावे. कृमी मेलेल्या माशातून उशिरा काढला की तो सैल पडतो, फुगतो. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबून पक्का केला की रुंदी वाढते, अवयव सरकतात. मग मोजमापे वेगळी येतात आणि वेगळ्या मोजमापाला वेगळे नाव मिळते. शिवाय मूळ नमुना संग्रहालयात जमा केला नसेल, तर पुढच्या माणसाला तपासायलाही काही उरत नाही. यावरचा उपाय अवघड नाही. मासा ताजा असावा, कृमी जिवंत असतानाच काढावा, मिठाच्या सौम्य द्रावणात धुवावा आणि दाब न देता गरम फॉर्मॅलिनमध्ये घालावा, म्हणजे तो सरळ ताणलेला राहतो. काटेरी सोंडेच्या कृमीला आधी थंड साध्या पाण्यात ठेवावे, त्याची सोंड आपोआप बाहेर येते आणि आकडे मोजता येतात. एवढी काळजी घेतली असती तर शास्त्रावरचा कितीतरी भार हलका झाला असता.

नाव ठरल्यावर परिसंस्थेचे प्रश्न सुरू होतात, आणि आपल्याकडे खरी उणीव तिथे आहे. शंभर माशांपैकी किती माशांत कृमी होते? ज्यांच्यात होते त्यांच्यात सरासरी किती? कोणत्या महिन्यात? केवढ्या माशात? इंग्रज शास्त्रज्ञ एच. डी. क्रॉफ्टन यांनी 1971 मध्ये मांडून दाखवले की परजीवी यजमानांमध्ये सारखे वाटलेले नसतात. बहुतेक प्राण्यांत एकही नसतो किंवा एखाद-दुसरा असतो, आणि थोड्या प्राण्यांच्या अंगात बाकीचे सगळे गोळा झालेले असतात. हा नियम पुढे असंख्य परजीवींत दिसून आला. म्हणून दोन-चार मासे उघडून ‘या तळ्यात कृमी फार आहेत’ किंवा ‘अजिबात नाहीत’ असे म्हणणे धोक्याचे आहे.

ऋतूचा प्रश्न तर आपल्याच मातीतला. विदर्भाच्या उन्हाळ्यात नदी तुटते आणि डोह उरतात. त्या थोड्या पाण्यात मासे, गोगलगाई, सायक्लॉप्स आणि गाळातले किडे दाटीने राहतात, वर बगळ्यांचा राबता असतो. कृमीच्या अंड्याला पुढचा यजमान भेटायला यापेक्षा सोयीची वेळ नाही. पावसाळ्यात पूर येतो, सगळे पांगते, मासे चढणीला लागतात. महाराष्ट्रातल्या अनेक अभ्यासांत उन्हाळ्यात कृमींचे प्रमाण जास्त आणि पावसाळ्यात कमी आढळले आहे, ते या हिशेबाशी जुळते. मात्र धरणाच्या जलाशयात पाणी बारमाही साठलेले असते, तिथे हाच हिशेब लागू पडतो का, हे सायखेड्यासारख्या जलाशयात वर्षभर मोजल्याशिवाय कळणार नाही.

माणसाने पाण्यात केलेला प्रत्येक बदल कृमींच्या हिशेबात उतरतो. 1959 मध्ये भारतात गवत्या आणि चंदेरी कार्प हे मासे बाहेरून आले. गवत्या मासा जगात जिथे जिथे नेला गेला, तिथे अनेकदा त्याच्याबरोबर त्याचा एक पट्टकृमीही गेला आणि तिथल्या स्थानिक माशांत पसरला. बीज सोडताना आपण फक्त मासे सोडत नाही, हे संस्थांनी आणि शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवावे. शेततळ्याची गोष्ट आणखी वेगळी. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात गाळ नसतो, गोगलगाईला थारा नसतो, म्हणून मधला यजमान लागणाऱ्या कृमींना तिथे जागा कमी. पण कल्ल्यांवर चिकटणारे डॅक्टिलोजायरससारखे कृमी एका माशावरून थेट दुसऱ्यावर जातात, त्यांना मध्यस्थ लागत नाही. दाटीने बोटुकली सोडली की त्यांचे फावते. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले, तर ऑक्सिजनबरोबर कल्लेही तपासावेत.

वागुराचा प्रश्न तर काळजी करण्यासारखा आहे. आपला देशी वागूर आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत संकटग्रस्त ठरला आहे. त्याच्याच नावाने विकला जाणारा आफ्रिकी, म्हणजे ‘थाई’ मांगूर पाळायला देशात बंदी आहे, तरी तो चोरून पाळला जातो. देशी वागूर एखाद्या नदीतून नाहीसा झाला, तर फक्त त्याच्यावर जगणारे कृमीही तिथून जातील. त्यांच्यासाठी कोणी हळहळणार नाही. पण नदीतला एक संबंध कायमचा तुटलेला असेल.

या पुस्तकातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा यातूनच येतो. कृमी कमी झाले म्हणजे पाणी सुधारले, असा अर्थ काढता येत नाही. नारूच्या मोहिमेत विहिरीत टाकलेले टेमेफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक होते, आणि सायक्लॉप्स मरावेत म्हणूनच ते टाकले होते. याच गटातली कीटकनाशके आपल्या कपाशीवर फवारली जातात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते दुःख हा जिल्हा विसरलेला नाही. शेतातले विष पहिल्या पावसात ओढ्याला लागते, तेव्हा सर्वांत आधी मरतात ते सायक्लॉप्ससारखे बारीक जीव. त्यांच्यावर अवलंबून असलेला मरळीचा कृमी पुढे कमी होणे साहजिक आहे. मरळीचे स्वच्छ आतडे बघून आपण समाधान मानावे आणि प्रत्यक्षात नदीची अन्नसाखळी खालून कुरतडली जात असावी, असे होऊ शकते. उलट, अनेक जातींचे कृमी थोड्या थोड्या संख्येने सापडणे हे पुष्कळदा भरल्या नदीचे लक्षण असते.

काटेरी सोंडेच्या कृमींचा आणखी एक उपयोग जर्मनीतल्या संशोधनातून पुढे आला. 1994 मध्ये बेर्न्ड झ्युरेस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की चब नावाच्या माशाच्या आतड्यातल्या अशा कृमीत शिशाचे प्रमाण त्याच माशाच्या मांसापेक्षा सुमारे 2,700 पट होते. पाण्यातला जड धातू मोजणीत येत नसेल, तरी कृमीत तो साठलेला सापडतो. वणी पट्ट्यातल्या कोळसा खाणी आणि वर्धा-पैनगंगेचे पाणी लक्षात घेता, मरळीचा हा कृमी आपल्या जिल्ह्यासाठी मोजमापाचे साधन ठरू शकतो. प्रयोगशाळेची मदत मिळाली तर हे काम इथेही करता येण्यासारखे आहे.

वाचकाच्या मनातला प्रश्न राहतो तो आरोग्याचा. आपल्याकडे मासा रश्शात खळखळून उकळतो किंवा कढईत नीट तळला जातो. असा शिजवलेला मासा कृमींच्या दृष्टीने निर्धोक आहे, त्यात सापडलेल्या जंतापायी घाबरायचे कारण नाही. धोका कच्च्या किंवा अर्धवट शिजवलेल्या माशाचा. थायलंड आणि चीनमध्ये गोड्या पाण्यातला मासा कच्चा खाण्याच्या चालीमुळे यकृतातले पर्णकृमी माणसाला होतात, आणि पित्तनलिकेच्या कर्करोगाशी त्यांचा संबंध सिद्ध झाला आहे. दुसरी काळजी माशाच्या फेकलेल्या आतड्यांची. आफ्रिकेतल्या चाड देशात 2012 नंतर कुत्र्यांमध्ये नारू मोठ्या प्रमाणावर आढळू लागला. कुत्री माशांची कच्ची आतडी खातात, हे त्याचे एक कारण मानले गेले, म्हणून तिथे आतडी पुरायला सांगतात. आपल्या बाजारात आतडी कुत्र्या-मांजरांना टाकतात किंवा काठावरच फेकतात. ती खड्ड्यात पुरावीत. कृमीची साखळी पुढे चालवण्याचे काम आपण होऊन करायचे कारण नाही.

हे पुस्तक तीन वाचकांसाठी आहे. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी, मत्स्यव्यवसाय संस्थेच्या सभासदासाठी, आणि ज्या भोई बांधवाच्या हातून रोज मासा उघडला जातो त्याच्यासाठी. त्याने जितके कृमी पाहिले आहेत तितके कुठल्याही प्राध्यापकाने पाहिलेले नाहीत. फक्त ती पाहणी कुठे उतरली नाही. महाविद्यालयांनी त्याच्याशी जोडून घ्यावे. मासा विकत घेऊन मारण्याची गरज नाही. बाजारात रोज फेकली जाणारी आतडी मिळाली तरी काम सुरू होते. एक वही, एक साधा सूक्ष्मदर्शक आणि पुढील रकाने पुरेत: तारीख, पाणी कुठले, माशाची जात, लांबी, नर की मादी, कृमी कोणत्या अवयवात, किती.

अशी वही केळापूर तालुक्यात पाच-दहा वर्षे नेमाने चालली, तर खुनी आणि पैनगंगेचे पाणी कसे बदलते आहे हे सांगणारा इतका स्वस्त आणि इतका खरा पुरावा दुसरा मिळणार नाही. फक्त एक शिस्त पाळायची. ज्या माशात एकही कृमी सापडला नाही, त्याचीही नोंद करायची आणि त्याच्यापुढे शून्य लिहायचे. ती शून्ये नसतील, तर प्रमाण काढता येत नाही, ऋतू कळत नाही आणि पुढे एखादा कृमी खरोखरच नाहीसा झाला तर तेही कोणाला कळणार नाही.